केबल पुन्हा पुन्हा तुटतेय? नवी बसवण्याआधी तुटलेलं टोक बघा

मोटर सुसाट फिरतेय, आवाज नेहमीपेक्षा चढा, आणि बोट मात्र जागच्या जागी डुलतेय. इलेक्ट्रिक आरसी (रिमोटवरची) बोट चालवणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. बोट कशीबशी काठाला आणायची, मागून प्रॉप (पंखा) धरून ओढायचा, की त्याच्यासोबत मोटर आणि प्रॉप जोडणारी केबल अर्धीच हातात येते. एकदा झालं तर सोडून द्यावं. माझ्या एकाच बोटीत एका हंगामात चार वेळा झालं.

मी तेच करत होतो जे बहुतेक जण करतात. पहिल्यांदा तशीच दुसरी केबल, मग जरा बऱ्या प्रतीची, मग एक माप जाड. जाड केबल काही दिवस टिकली, पण तेवढ्यात कॉलेट (केबल मोटरला पकडून ठेवणारा जोड) मोटरच्या शाफ्टवर घसरायला लागला, आणि तो घट्ट केल्यावर तिनेही मान टाकली. शेवटी चारही तुकडे टेबलावर ओळीने मांडले. चारही एकाच ठिकाणी तुटले होते, स्टब शाफ्टच्या (केबलच्या टोकाला जोडलेला, प्रॉप बसतो तो सरळ दांडा) जोडाला लागून. ड्राइव्ह डॉगच्या (स्टबवर घट्ट बसवलेला, प्रॉपला फिरवणारा तुकडा) स्ट्रटकडच्या (बोटीमागे स्टबला धरणारा आधार) तोंडावर घासून पडलेलं एक चकचकीत कडं होतं. ते पहिल्या दिवसापासून तिथे असणार, मी बघितलं नव्हतं एवढंच.

म्हणून पहिली विनंती ही, की तुटलेले तुकडे फेकू नका. केबल कुठे तुटली आणि कशी तुटली हे पाहिलं की निम्मं निदान तिथेच होतं.

माझ्या बोटीत काय चुकत होतं: फट

फ्लेक्स केबल म्हणजे एकावर एक गुंडाळलेल्या बारीक पोलादी तारांचे थर. प्रत्येक थराचा पीळ खालच्या थराच्या उलट असतो. मोटर योग्य दिशेने फिरली की जोर येताच बाहेरचा थर आवळतो, आतला थर त्याला आतून टेकू देतो आणि केबल घट्ट दोरासारखी वागते. पण आवळताना ती किंचित आखूड होते. थांबलेल्या बोटीत हे दिसत नाही, पूर्ण थ्रॉटलला प्रॉप पाणी पकडतो तेव्हाच होतं.

आता ड्राइव्ह डॉग जर स्ट्रटला चिकटवून बसवला असेल, तर आखूड होणारी केबल जाणार कुठे? डॉग स्ट्रटवर दाबला जातो, घासतो, तापतो. केबलवर पिळासोबत ताणही येतो. मग सगळ्यात कच्चा दुवा सुटतो: कधी केबल कॉलेटमधून सरकते, कधी जोडापाशी तुटते. मला ती फट दिसायला गबाळी वाटायची, म्हणून दर वेळी मी ती हौसेने बंद करत होतो.

डॉग आणि स्ट्रट यांच्यात २ ते ३ मिमी मोकळं सोडा. केबल ४.७६ मिमीची आणि लांब असेल तर ३ च्या बाजूला राहा. मी जुन्या प्लास्टिक कार्डाच्या तीन पट्ट्या एकत्र चिकटवून ठेवल्यात. कॉलेट आवळताना त्या फटीत धरायच्या, आवळून झालं की काढायच्या. पट्टीने मोजण्यापेक्षा हे बरं, कारण कॉलेट आवळताना केबल अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे सरकतेच.

एक पोटशंका नेहमी येते: फट ठेवली तर प्रॉपचा पुढचा रेटा कोण घेणार? तो केबलमधून कॉलेटकडे आणि मोटरच्या बेअरिंगवर जातो. लहान-मध्यम बोटींत मोटर हे निभावते. मोटरचा शाफ्ट बोटांनी मागेपुढे हलवून बघा. खेळ वाढलेला वाटला तर बेअरिंग बदलायची वेळ झालीय.

फट बरोबर असूनही डॉगवर चकचकीत कडं दिसत असेल तर तिथे गुंडाळलेली मासेमारीची तंगूस किंवा पाणवनस्पतीचा धागा शोधा. तंगूस तिथे वितळून पातळ चकतीसारखी बसते, रंग नसल्यामुळे दिसतही नाही, आणि तुमची फट नकळत भरून टाकते. सुईच्या टोकाने खरवडून बघा. ही तपासणी करताना, आणि प्रॉपला हात लावायच्या प्रत्येक वेळी, बॅटरी आधी काढा. धार लावलेला प्रॉप बोट कापायला अर्धा सेकंदही घेत नाही, आणि इथे बोट म्हणजे पाण्यातली नव्हे, हाताची.

तुटलेलं टोक काय सांगतं

कॉलेटमधून बाहेर पडते तिथेच तुटली असेल, तर मोटर आणि केबल ज्यातून जाते ती ट्यूब एका रेषेत नाहीत हा पहिला संशय. केबल लवचीक आहे म्हणून ती कशीही जोडली तरी चालते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. कॉलेटच्या तोंडाशी केबल लवू शकत नाही, तिथे ती जखडलेली असते. मोटर दोन अंशांनी तिरकी असेल तर प्रत्येक फेऱ्याला तेवढ्याच जागी एक वाक पडतो. मिनिटाला २५,००० फेरे धरले तर पाच मिनिटांच्या एका फेरीत सव्वा लाख वेळा. तपासायला सोपं आहे: कॉलेट सैल करा, केबल हाताने पुढे-मागे करा. ती कॉलेटच्या भोकात न अडखळता, बाजूला न दबता सरकली पाहिजे. दबत असेल तर मोटर माउंटखाली पातळ वॉशर घालून उंची जुळवा.

याच जागेचं दुसरं दुखणं म्हणजे कॉलेट आणि ट्यूब यांच्यात उघडी राहिलेली लांब केबल. ट्यूबच्या आत केबलला चहूबाजूंनी आधार असतो, बाहेर नसतो. जोर आला की उघडा भाग स्प्रिंगसारखा वेटोळं घ्यायला बघतो आणि फटके मारतो. ट्यूब कॉलेटच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणा. मध्ये साधारण एक-दीड बोटाची जागा पुरे, पाने फिरले पाहिजेत एवढीच. उघडा भाग मोठा राहिला आणि त्यात ट्यूबचं आतलं टोक हुलला (बोटीच्या कवचाला) कशानेही बांधलेलं नसलं, तर तेही थरथरतं. एक छोटा आधार चिकटवला की आवाजातच फरक पडतो.

मधोमध, ट्यूबच्या वळणात तुटली असेल आणि तारांची टोकं वेगवेगळ्या लांबीवर, सपाट, काळपट दिसत असतील, तर हा थकवा. एकेक तार आधीच तुटत आली होती, शेवटच्या दिवशी उरलेल्यांना भार पेलला नाही. कारण बहुधा तीव्र वळण, नाहीतर गंज, नाहीतर कोरडी ट्यूब. गंजलेल्या तारेवर बारीक खड्डे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो.

टोक झाडूसारखं फिस्कारलेलं, तारा पिळवटून विस्कटलेल्या असतील, तर एका झटक्यात अतिभार आला. प्रॉप अडकला, किंवा लाटेवरून उडालेली बोट पूर्ण थ्रॉटलमध्ये परत आपटली. हवेत प्रॉप मोकळा सुटून वेग घेतो आणि पाणी लागताच तो सगळा वेग केबलला एका क्षणात गिळावा लागतो. बोट पाणी सोडते आहे असं दिसताच बोट ट्रिगरवरून ढिलं करायची सवय लावून घ्या.

केबल तुटलीच नाही, पण मध्ये फुगली आहे, पदर सुटलेत? मग ती उलटी फिरली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे नेमकं उलट: सुंभ शाबूत आणि पीळ गेलेला. केबलचं एक टोक डाव्या हातात घट्ट धरा आणि मोटरकडचं टोक उजव्या हाताने मोटर फिरते त्या दिशेने पिळा. बाहेरच्या तारा आवळल्या पाहिजेत. बोटांना केबल जाड होताना जाणवली तर ती केबल त्या दिशेसाठी नाही. मोटरची दिशाच चुकली असेल तर ब्रशलेस मोटरच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. पण दिशा बदलली की प्रॉपही त्या दिशेचाच हवा, हे लक्षात ठेवून. दोन मोटरींच्या बोटीत प्रॉप एकमेकांविरुद्ध फिरत असतील तर एका बाजूला उलट पिळाची केबल लागतेच. दोन्हीकडे सारखी घातली तर एक बाजू सतत तुटत राहते आणि माणूस दुसरीकडे चुका शोधत बसतो. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) रिव्हर्स चालू असेल तर फ्लेक्स केबलच्या वेगवान बोटीत तो बंद करा. गवतातून हळूच मागे येण्यापुरता ठेवायचा मोह होतो, पण एखादे दिवशी अंगठा जास्त दाबला जातो.

राहिला स्टब शाफ्टचा जोड. केबल आणि स्टब जोडताना चांदीच्या डाखाची उष्णता लागते, त्यामुळे जोडाला लागून काही मिलिमीटर तार मऊ पडते. चांगल्या जोडातही तो भाग इतरांपेक्षा कमकुवतच. म्हणून सगळ्या चुकांची शिक्षा बहुतेक वेळा त्यालाच होते: फट नसणं, वाकलेला स्टब, स्ट्रटच्या बुशमध्ये (स्टब ज्यात फिरतो ती नळी) पडलेला खेळ, तोल बिघडलेला प्रॉप. स्टब धरून वर-खाली हलवा. डोळ्याला दिसेल इतका हलला तर बुश गेलं. बुश बदलून नवा स्टब घालायचा, नव्या बुशमध्ये झिजलेला जुना स्टब नाही.

कॉलेट घसरतोय की केबल तुटलीय?

पाण्यावर दोन्हींची लक्षणं सारखी. कॉलेट, केबल आणि मोटर शाफ्ट यांवरून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. बोट परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर काहीतरी घसरलं, आणि काय घसरलं तेही त्या रेघेवरूनच कळतं. घसरण्याचं कारण बहुतेक वेळा ग्रीस. केबल घालताना पुढच्या टोकाला लागलेलं ग्रीस कॉलेटमध्ये जातं. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर आणि कॉलेटचं भोक अल्कोहोलने पुसा, मगच आवळा, आणि आवळताना दोन पाने वापरा. एका पान्याने आवळलं तर जोर मोटरच्या शाफ्टवर जातो. ग्रब स्क्रूचा कपलर असेल तर शाफ्टवर सपाट खाच घासून घ्या आणि स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा.

जाड केबल हा उपाय का नाही

कधीकधी असतो, म्हणून पूर्ण नाकारत नाही. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ४ मिमीवरून ४.७६ मिमीवर गेलात तर ताकद साधारण पावणेदोन पट होते, हा काही थोडा फरक नाही. पण प्रॉपचा हिशोब याहून कडक आहे. तेवढ्याच फेऱ्यांना प्रॉपला लागणारा पीळ (टॉर्क) व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. ४० मिमीचा प्रॉप काढून त्याच घाटाचा ४५ मिमीचा लावला तर पीळ सुमारे १.८ पट. म्हणजे प्रॉप पाच मिलिमीटरने वाढवून तुम्ही जाड केबलचा सगळा फायदा खाऊन टाकला. शिवाय जाड केबल त्याच ट्यूबमध्ये कोंदते, घर्षण वाढतं, आणि वळण तेच राहिलं तर ती वाकायलाही तयार नसते.

साधारण अंदाज असा. २८ मिमी व्यासाच्या मोटरी, ३एस (तीन सेलची) बॅटरी: ३.१८ मिमी. ३६ मिमी मोटर आणि ४एस: ३.८ किंवा ४ मिमी. ४० मिमी मोटर आणि ६एस: ४.७६ मिमी. त्यापुढच्या जड बोटींना ६.३५. मिनिटाच्या फेऱ्यांचा अंदाज काढायला केव्ही (मोटरचे दर व्होल्टला फेरे) गुणिले व्होल्ट: २००० केव्हीची मोटर आणि ४एसचे १४.८ व्होल्ट म्हणजे बिनभाराचे २९,६०० फेरे. ३० ते ४० हजारांच्या दरम्यान काम चालतं, पण त्या टोकाला गेलात की तोल, रेषा, बुश सगळं काटेकोर लागतं. प्रॉपचं भोक कोणत्या मापाचं आहे हेही आधी बघा, नाहीतर केबल घेऊन झाल्यावर स्टबवर प्रॉपच बसत नाही.

लहान, हलक्या, वेगवान बोटींसाठी मला फ्लेक्सपेक्षा वायर ड्राइव्ह आवडतो. एकच पियानो वायर, साधारण २ मिमीची. घर्षण कमी, दोन्ही दिशांना चालते, पिळाची भानगड नाही. पण इथेही जाड करायचा मोह आवरा, कारण सरळ नसलेल्या ट्यूबमध्ये उलटा परिणाम होतो. वाकलेल्या तारेतला ताण तिच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि वळणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. तेच वळण ठेवून २ ची ३ मिमी केलीत तर वाकण्याचा ताण दीडपट, आणि तो प्रत्येक फेऱ्याला उलटसुलट होत राहतो. जाड तार बारीकपेक्षा लवकर तुटलेली पाहिली की लोकांना दोष मालाचा वाटतो. वायर ड्राइव्ह तुटत असेल तर तार नका बदलू, मोटर खाली बसवून किंवा ट्यूबचा कोन कमी करून वळण पसरट करा. फ्लेक्स केबलला हेच वळण सोसतं, कारण तिच्यातली प्रत्येक तार सुतासारखी बारीक असते.

संथ चालणाऱ्या, खऱ्या जहाजांच्या प्रतिकृती असलेल्या बोटींना सरळ भक्कम शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट पुरतो. तिथे तुटणं क्वचित, आवाज आणि पाणी शिरणं हीच तक्रार. दोन्ही टोकांची बुशं आणि मोटरची रेषा ठीक केली की आवाज जातो. पाण्यासाठी ट्यूबमध्ये ग्रीस भरलेलं असू द्या आणि ट्यूबचं आतलं टोक पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा.

लायनर

टेफ्लॉन लायनरने (ट्यूबच्या आत केबलभोवती घालायची पातळ नळी) आवाज आणि घर्षण कमी होतं, यात वाद नाही. वाद आहे तो लांबीवर. टेफ्लॉन तापलं की लांबीत वाढतं, आणि केबल त्याला फिरवत पुढेमागे ढकलतही असते. लायनर स्ट्रटच्या बुशला भिडवून कापलात तर तो गरम झाल्यावर स्टबच्या जोडावर जाऊन घासतो. मागच्या टोकाला ५-६ मिमी जागा सोडा, पुढचं टोक ट्यूबबाहेर थोडं काढून जरा फाकवा म्हणजे लायनर आत सरकणार नाही. एकदा केबल तुटली की त्या लायनरमध्ये तारांचे कुसळासारखे तुकडे राहतात. नवी केबल त्यातच घातलीत तर ती पहिल्याच दिवशी ओरखडली जाते. चिंधी ओढून ट्यूब साफ करा, लायनर सरळ बदला.

निगा, आणि एक चाचणी

बोट चालवून घरी आलात की कॉलेट सोडून शाफ्ट बाहेर काढा. त्याच दिवशी, पुढच्या रविवारी नाही. केबलचं पोलाद गंजणारं असतं आणि ट्यूबमध्ये अडकलेलं पाणी वाळत नाही. खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर ट्यूब आणि केबल आधी गोड्या पाण्याने धुवा. पुसा, पाणी घालवणारा स्प्रे मारा (तो वंगण नव्हे, ग्रीस नंतर लावायचंच), आणि मग कापसाचा बोळा केबलवरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा. बोळा जिथे अडकेल तिथे एखादी तार तुटलीय. बोटाने हे करू नका, तार नखाखाली घुसते. एक तार तुटलेली केबल अजून चालेल, पण किती ते कोणी सांगू शकत नाही. मी ती काढून टाकतो.

ग्रीस पाण्यात न विरघळणारं, बोटींसाठीचं घ्या. केबलवर पूर्ण लांबीभर लावून, फिरवत फिरवत आत सरकवा. स्ट्रटमधून थोडं बाहेर आलं की पुरे. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर काठावरच पुन्हा थोडं. फार घट्ट ग्रीस थंडीत लापशीसारखं होतं आणि करंट वाढवतं. वायर ड्राइव्हला तर पातळ तेलच बरं.

चाचणी अशी: प्रॉप काढा, वॉटमीटर लावा आणि अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर दोन-तीन सेकंद मोटर चालवून करंट बघा, एकदा शाफ्ट जोडलेला असताना, एकदा कॉलेट सोडून नुसती मोटर. कोरडं जास्त वेळ चालवू नका, बुशला पाणी मिळत नाही. शाफ्ट जोडल्यावर करंट थोडा वाढणारच. दुप्पट किंवा त्याहून जास्त होत असेल तर कुठेतरी घासतंय, मग रेषा, लायनर आणि ग्रीस या क्रमाने बघा. सगळं नीट असतानाचा आकडा हुलच्या आतच लिहून ठेवा. पुढे कधी तो वाढलेला दिसला तर केबल तुटायच्या आधीच कळतं.

रेषा सरळ, फट बरोबर, बुश नवं, पीळ योग्य, करंटही ठीक, आणि तरीही टोक दर वेळी झाडूसारखं फिस्कारूनच येतंय? मग प्रॉप मोठा आहे. एक माप खाली या, त्याचा तोल नीट करा आणि चार-पाच फेऱ्या मारून बघा. सरळ रेषेतला वेग थोडा कमी होईल, पण वळणातून बाहेर पडताना बोट बहुधा आधीपेक्षा लवकर उचलेल.